आई-आप्पांच्या फाइलसाठी लग्न थांबवायचं का?

पत्राचा सारांश: बेळगावातल्या एका ३२ वर्षांच्या वाचकाचं हे पत्र. उद्यमबागेत त्यांचं छोटं मशीन शॉप आहे. आप्पा मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय ७६. आई ७१ वर्षांची, माहेर चंदगड तालुक्यातलं. शहापुरात स्वतःचं घर आणि खानापूर तालुक्यात दोन एकर शेती. थोरली बहीण न्यू जर्सीत असते, नवरा आणि दोन मुलं आहेत, गेल्या वर्षी ती अमेरिकेची नागरिक झाली. अक्का म्हणते, "आई-आप्पांची ग्रीन कार्डची फाइल टाकते, त्यांच्याबरोबर तुझंही होऊन जाईल. फक्त लग्न जरा थांबव, लग्न झालं की फाइल मोडते." इकडे निपाणीचं एक स्थळ जवळजवळ ठरलं आहे. आई म्हणते, "तुम्ही दोघं म्हणाल तसं." आप्पा काहीच बोलत नाहीत. जाण्याआधी शेत आणि घर नावावर करून घ्यावं लागतं, असंही कुणीतरी सांगितलं आहे. वाचक लिहितात, "नाही म्हटलं तर अक्काला वाटेल मला आई-आप्पांना पाठवायचंच नाही. हो म्हटलं तर माझं आयुष्य किती वर्षं अडकणार, कळत नाही."

लग्नाचं आधी बोलू, कारण निपाणीची मंडळी उत्तराची वाट बघत आहेत.

अक्काच्या बोलण्यात एक चूक आहे. ती तिने जाणूनबुजून केलेली नाही, घरोघरी होणारी चूक आहे. एकवीस वर्षं पूर्ण झालेला अमेरिकन नागरिक आई-वडिलांसाठी आय-१३० नावाचा अर्ज करतो, तेव्हा आई-वडील 'निकटचे नातेवाईक' या वर्गात धरले जातात. या वर्गाला वर्षाचा कोटा नाही, म्हणून रांगही नाही. पण या वर्गात एका अर्जावर एकच माणूस जातो. आईचा अर्ज वेगळा, आप्पांचा वेगळा. आईच्या अर्जात आप्पासुद्धा बसत नाहीत, तिथे तुम्ही बसण्याचा प्रश्नच येत नाही. धाकटा, अविवाहित, त्यांच्याच घरात राहणारा, यातल्या कशालाही तिथे वजन नाही. म्हणजे आई-आप्पांच्या फाइलशी तुमच्या लग्नाचा काडीचाही संबंध नाही. उद्या लग्न केलंत तरी ती फाइल जशीच्या तशी चालेल.

मग "लग्न झालं की फाइल मोडते" हे आलं कुठून? ते खरं आहे, पण वेगळ्या अर्जाबद्दल. आई किंवा आप्पा ग्रीन कार्ड घेऊन तिथे राहू लागले, की ते स्वतः एकवीस वर्षांवरच्या अविवाहित मुलासाठी अर्ज करू शकतात. या वर्गाला 'दोन-ब पसंती' म्हणतात. ग्रीन कार्डवाल्याला विवाहित मुलासाठी अर्जच करता येत नाही. म्हणून आई-आप्पा नागरिक होण्याआधी मुलाने लग्न केलं, तर अर्ज आपोआप रद्द होतो आणि पुढे काही झालं तरी तो जिवंत होत नाही. अक्काने बहुधा हाच नियम ऐकला असावा.

आता या वाटेचा हिशेब मांडू. २०२५ साली या वर्गात साधारण २०१६ मध्ये दाखल झालेल्या अर्जांचा नंबर लागत होता. आई-आप्पांचं काम व्हायला दीड ते दोन वर्षं, त्यानंतर तुमचा अर्ज, त्यानंतर नऊ-एक वर्षं. तेव्हा तुम्ही त्रेचाळीसच्या पुढे असाल, तोवर लग्न नाही. आणि तेवढी सगळी वर्षं ज्यांनी अर्ज केला त्यांना आपलं ग्रीन कार्ड टिकवावं लागेल, म्हणजे तिथेच राहावं लागेल. पंचाऐंशीच्या आप्पांना शहापुरातल्या घरी परत यावंसं वाटलं आणि त्यांनी ग्रीन कार्ड सोडलं, तर त्यांनी केलेला तुमचा अर्ज संपला. त्यांचं काही बरंवाईट झालं तरी साधारणपणे तोही तिथेच संपतो. एका मुलाचा नंबर लागावा म्हणून म्हाताऱ्या आई-वडिलांनी परदेशात दिवस मोजत बसायचं, ही मांडणी आम्हाला मान्य नाही, आणि अक्काला नीट समजावून सांगितली तर तिलाही मान्य होणार नाही.

तुमच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि तिथे लग्नाची आडकाठी नाही. नागरिक बहीण थेट भावासाठी अर्ज करू शकते. ही 'चौथी पसंती'. यात भाऊ विवाहित असो वा नसो, फरक पडत नाही. नंबर लागेल तेव्हा बायको आणि एकवीस वर्षांखालची मुलं त्याच अर्जावर येतात. अडचण रांगेची. साऱ्या जगासाठी या वर्गात वर्षाला ६५,००० व्हिसा आहेत, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांच्या वर जागा जात नाहीत. भारतातून अर्ज फार, म्हणून २०२५ मध्ये भारतीयांचा नंबर २००६ साली दाखल झालेल्या अर्जांपाशी होता. आज दाखल झालेल्या अर्जाला किमान वीस वर्षं लागतील, असं समजून चाला.

तरीही अक्काला हा अर्ज आताच टाकायला सांगा. खर्च एकदाच, ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदी भरला तर ६७५ (एप्रिल २०२४ पासूनचे दर, भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघावेत). उत्पन्नाचे कागद, वैद्यकीय तपासणी, मुलाखत हे सगळं नंबर जवळ आल्यावर. अर्ज पोहोचल्याची तारीख हीच तुमची रांगेतली जागा, ती तुमच्या नावावर राहते. वीस वर्षांनी तुम्हाला जावंसं वाटलं नाही तर जाऊ नका, कुणाचं काही बिघडत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. हा अर्ज झाल्यावर तुम्ही अमेरिकेचा पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसा मागितलात, तर डीएस-१६० फॉर्ममध्ये "तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का" या प्रश्नाला "हो" लिहावं लागेल, आणि "हा परत येईल का" अशी शंका अधिकाऱ्याच्या मनात येते. पुढच्या दोन-चार वर्षांत तिथे शिकायला जायचा विचार असेल तर आधी तो मार्गी लावा. मशीन शॉप चालवायचं असेल तर ही काळजी नको.

तेव्हा निपाणीला कळवा की आमच्या बाजूने थांबायचं कारण नाही. भाऊ म्हणून एक अर्ज होणार आहे, त्याला वीस वर्षं लागतील आणि त्यावर भरवसा ठेवून घर मांडायचं नाही, हेही त्यांना आताच सांगा. अमेरिकेच्या आशेवर मुलगी दिली असं पुढे कुणाच्या तोंडी यायला नको.

आता आई-आप्पांचं.

तुम्ही लिहिलंत, आप्पा बोलत नाहीत. गप्प बसण्याला होकार समजू नका. आईचं "तुम्ही म्हणाल तसं" हेही उत्तर नव्हे, ते मुलांना अवघड वाटू नये म्हणून बोललेलं वाक्य आहे. अक्काला आई-वडील जवळ हवेत, त्यात काहीच गैर नाही. पण ग्रीन कार्ड ही भेटीला जायची सोय आहे असा समज असेल तर तो काढून टाका. ग्रीन कार्ड तिथे राहणाऱ्यासाठी असतं. वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलं तर तिथलं वास्तव्य सोडलं असं धरलं जातं. दरवर्षी दहा महिने बेळगाव आणि दोन महिने न्यू जर्सी असं केलं, तरी विमानतळावर एखाद्या खेपेला विचारणा होतेच. जास्त काळ बाहेर राहायचं तर 'रीएन्ट्री परमिट' घ्यावं लागतं. त्याचा आय-१३१ अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा, बोटांचे ठसेही तिथेच, आणि ते जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं.

तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की २०१९ मध्ये आई-आप्पा मे ते सप्टेंबर अक्काकडे राहून आले आणि त्यांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा आहे. म्हणजे तो २०२९ पर्यंत चालेल. मे ते सप्टेंबर हे तिथले उन्हाळ्याचे महिने. आप्पांनी संध्याकाळी फिरून येण्याजोगी न्यू जर्सी पाहिली. दुपारी साडेचारला अंधार पडतो, दाराबाहेर बर्फ, मुलगी-जावई कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही आणि बोलायला शेजारी नाही, ती न्यू जर्सी त्यांनी पाहिलेलीच नाही. म्हणून आमचं सांगणं असं की अर्ज टाकण्याआधी त्यांनी एकदा डिसेंबर ते मार्च तिथे राहून यावं. क्रम महत्त्वाचा आहे. आय-१३० दाखल झाल्यावरही पर्यटक व्हिसा कागदोपत्री चालू राहतो, पण विमानतळावरचा अधिकारी "तुम्ही राहायलाच आलात ना" असं विचारू शकतो, आणि तेव्हा खोटं बोलणं फार महागात पडतं. खोट्या माहितीचा शिक्का एकदा बसला की तो आयुष्यभर पुसत नाही. "व्हिसावर जा, तिथेच राहून ग्रीन कार्ड करून घ्या" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. राहायचं मनात ठेवून पर्यटक म्हणून शिरणं हीच ती खोटी माहिती.

हिवाळा काढून आल्यावर आई-आप्पांना वेगवेगळं विचारा, शक्यतो अक्का फोनवर नसताना. "जायचं का" असं विचारू नका. "तुमचा दिवस तिथे कसा जाईल, सांगा" असं विचारा.

दुखण्याखुपण्याचा खर्च हा घरात सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. पासष्ट वर्षांवरच्यांसाठी तिथे मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे, पण ग्रीन कार्डवाल्याला ती सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावरच विकत घेता येते, आणि तिथे कधी नोकरी न केलेल्यांना तिचा पूर्ण हप्ता पडतो. २०२५ मध्ये भाग 'अ'चा (दवाखान्यात दाखल होण्यासाठीचा) हप्ता महिन्याला ५१८ डॉलर आणि भाग 'ब'चा (डॉक्टरांच्या भेटी वगैरेंसाठीचा) १८५ डॉलर होता, माणशी. गरिबांसाठीच्या मेडिकेडलाही बहुतेक ठिकाणी पहिली पाच वर्षं थांबावं लागतं. म्हणजे आप्पा ७८ ते ८३ या वयात खासगी विम्यावर असतील. ग्रीन कार्ड घेऊन उतरल्यापासून साठ दिवसांत सरकारी विमा बाजारातून अशी खासगी योजना घ्यावी लागते. ती मुदत चुकली तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. अक्काने फाइल टाकायच्या आधी तिच्या राज्यातला ७६ आणि ७१ वर्षांच्या माणसांचा हप्ता काढून बघावा. तो आकडा बघितल्यावर घरातली चर्चा बदलते, असा अनुभव आहे. बेळगावात ज्या डॉक्टरांकडे आप्पा वीस वर्षं जात असतील, त्यांच्याइतका स्वस्त आणि जवळचा डॉक्टर तिथे मिळणार नाही.

अक्काच्या खांद्यावर काय येतं, तेही तिला नीट माहीत हवं. ती आय-८६४ हे हमीपत्र भरेल. हा अमेरिकन सरकारशी केलेला करार असतो. घरातल्या माणसांच्या संख्येनुसार दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. अक्का, भावोजी, दोन मुलं आणि आई-आप्पा मिळून सहा माणसं धरली, तर २०२५ च्या तक्त्यानुसार वर्षाला साधारण ५३,९०० डॉलर. अर्ज दोन असले तरी सहा माणसांचा हिशेब धरून चाललेलं बरं. एकट्या अक्काचं उत्पन्न पुरत नसेल तर भावोजींचं जोडता येतं, पण मग त्यांना आय-८६४-अ वर सही करावी लागते, म्हणजे जबाबदारी त्यांच्यावरही येते. हे सहीच्या आदल्या रात्री सांगायची गोष्ट नाही. आई-आप्पा नागरिक होईपर्यंत, किंवा ग्रीन कार्ड सोडून कायमचे परत येईपर्यंत, किंवा त्यांच्या हयातीपर्यंत हा करार टिकतो. घटस्फोटानेही सुटत नाही.

शेत आणि घर नावावर करून घ्यावं लागतं, ही सांगीव गोष्ट. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. आप्पा भारताचेच नागरिक राहतात. उताऱ्यावरचं नाव, घर, पेन्शन, सगळं राहतं. पेन्शनसाठी दरवर्षीचा हयातीचा दाखला द्यावा लागेल आणि बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) करून घ्यावं लागेल, एवढंच. कुणी घाई करून बक्षीसपत्र करायला सांगत असेल तर त्याचं कारण वेगळं असू शकतं, ते शोधा. मात्र ग्रीन कार्ड मिळालं की अमेरिकेच्या प्राप्तिकरात जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं, त्यात आप्पांची पेन्शन आणि ठेवींचं व्याज आलं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याचं वेगळं विवरण भरायचं असतं. तुमच्या वर्कशॉपच्या खात्यावर आप्पांची सही चालत असेल, तर तेही खातं त्यात धरलं जातं. जाण्याआधी ती सही काढून घ्या.

एवढं सगळं पाहूनही आई-आप्पांचा होकार असेल, तर पुढचं काम बेळगावात तुमच्यावर येणार. फाइल अक्का टाकेल, पण कागद गोळा करायला तुम्हालाच फिरावं लागेल. इथेच महिने जातात.

आईच्या अर्जाला अक्काचा जन्मदाखला लागतो, त्यावर आईचं नाव हवं. आप्पांच्या अर्जाला तो दाखला आणि शिवाय आई-आप्पांच्या लग्नाचा दाखला लागतो. आधी अक्काचा दाखला हातात घेऊन बघा. १९८४ सालच्या नोंदीत बाळाच्या नावाची जागा बऱ्याचदा कोरी असते, कारण नोंद दवाखान्यातून लगेच झाली आणि बारसं नंतर. नाव नंतर घालून घ्यायला कायद्याने पंधरा वर्षांची मुदत असते, ती केव्हाच गेली. असा कोरा दाखला एकटा जोडला तर तिकडून जास्तीचा पुरावा मागणारं पत्र येतं. म्हणून त्याच्याबरोबर एसएसएलसीचं (दहावीचं) प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रं पहिल्याच वेळी जोडा. प्रतिज्ञापत्र करणारा माणूस अक्काच्या जन्माच्या वेळी कळता असलेला हवा, मामा किंवा आत्या उत्तम. "मी यांना ओळखतो" एवढं पुरत नाही. स्वतःचा पत्ता, नातं, जन्माची तारीख आणि जागा, आणि ते त्यांना कसं माहीत, हे त्यात लिहिलेलं असावं. पुरावा मागणारं पत्र आलंच, तर सगळे कागद एकाच खेपेला पाठवायचे असतात. आज एक, उद्या एक असं चालत नाही.

दाखल्यावर आईचं नाव कोणतं आहे, ते बघा. आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही, नावही बदलतं. माहेरची शेवंता सासरी सुलोचना होते. मग शाळेच्या रजिस्टरात शेवंता, रेशन कार्डावर सुलोचनाबाई, पासपोर्टवर सुलोचना. आप्पांचंही तसंच, एका कागदावर शंकर, दुसऱ्यावर शंकरराव, पेन्शनच्या पुस्तकात शंकराप्पा. त्यात कन्नडवरून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग आधारवर वेगळं आणि मराठीवरून आलेलं बँकेत वेगळं. यातलं प्रत्येक बदलत बसू नका, आयुष्य पुरणार नाही. पासपोर्ट हा कणा धरा. पासपोर्टवरचं नाव आधी नीट करा, आडनावाची जागा कोरी असेल तर ती भरून घ्या. कोरी राहिली तर सगळं नाव व्हिसावर आडनावाच्या जागी जातं, नावाच्या जागी "नाव माहीत नाही" अशा अर्थाची आद्याक्षरं येतात, आणि तिथे बँकेपासून विम्यापर्यंत सगळीकडे तीच पाठ धरतात. बाकीची सगळी रूपं फॉर्ममधल्या "इतर नावं" या जागी एकूण एक लिहा आणि "या सर्व नावांची व्यक्ती एकच" असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र जोडा. लपवलेलं नाव शंका आणतं, सांगितलेलं आणत नाही.

आईच्या स्वतःच्या जन्माचा पुरावाही लागतो, आणि इथे सीमाभागातल्या लोकांची हमखास फसगत होते. १९५४ मध्ये चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहिलं आणि कोल्हापूरला जोडलं गेलं. म्हणून आईच्या शाळेच्या दाखल्यावर "जि. बेळगाव" असेल, पण नोंद शोधायची ती चंदगडला. बेळगावच्या कचेरीतून "नोंद आढळत नाही" असा दाखला आणलात तर त्याचा उपयोग नाही, कारण ती नोंद त्यांच्याकडे असायलाच नको. आधी गावच्या ग्रामपंचायतीत, मग चंदगड तहसील कचेरीत विचारा. नोंद मिळाली तर उत्तम. नसेल तर त्यांच्याच सही-शिक्क्याचा अनुपलब्धतेचा दाखला घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व प्रतिज्ञापत्रं जोडा. आप्पांचंही खानापूरला असंच. सत्तर वर्षांनी नव्याने जन्मनोंद करून चकचकीत दाखला आणण्याच्या मागे लागू नका. कालपरवाच्या तारखेचा दाखला पाहून अधिकारी जुनाच पुरावा मागतो.

बेळगावचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजीत बदललं. जुन्या कागदावर जुनं, नव्यावर नवं असेल, त्याची चिंता नको. अक्काने फॉर्म भरताना मात्र सगळीकडे एकच रूप वापरावं.

लग्नाचा दाखला: १९८० च्या लग्नाची नोंद आजही सब-रजिस्ट्रार कचेरीत करता येते. दोघांनी स्वतः जायचं, बरोबर तीन साक्षीदार, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो आणि पत्रिका. नोंदीची तारीख आजची येणार, म्हणून त्याच्या मागे जुने पुरावे लावा. आप्पांच्या पेन्शनच्या आदेशात कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आईचं नाव असेल. सरकारी कचेरीने इतक्या वर्षांपूर्वी लिहिलेलं ते नाव नव्या दाखल्याला बळ देतं.

मराठी आणि कन्नड कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. सरकारी भाषांतरकारच हवा असं नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या कुणीही करावं, खाली "भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मी दोन्ही भाषा जाणतो" असं लिहून नाव, पत्ता, सही, तारीख घालावी. घरच्याने करण्यापेक्षा बाहेरच्याने केलेलं बरं. गोल शिक्क्यातली अक्षरं आणि समासातला हाताने लिहिलेला शेरा लोक सोडून देतात. तेही भाषांतरात यायला हवं.

अर्ज मंजूर झाला की फाइल अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत व्हायच्या फाइलींचा क्रमांक 'बीएमबी'ने सुरू होतो. तिथे माणशी ३२५ डॉलर व्हिसा शुल्क, हमीपत्राचे १२० डॉलर, स्थलांतर व्हिसाचा डीएस-२६० फॉर्म आणि कागद चढवायचे. अक्काने कराची प्रत जोडण्यापेक्षा कर खात्याकडचा अधिकृत उतारा जोडावा, आणि हमीपत्रावरची सही विसरू नये. फाइल परत येण्याची ही दोन नेहमीची कारणं. या केंद्राच्या पत्राला वर्षभर उत्तर दिलं नाही तर फाइल बंद होण्याची नोटीस येते. पोलिसांचा दाखला पासपोर्ट खात्याकडून घ्यायचा. त्यासाठी हुबळीला जावं लागतंच असं नाही, २०२२ पासून टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही हा अर्ज घेतात.

मुलाखत मुंबईत, वैद्यकीय तपासणी त्याआधी, आणि ती वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयाचा डाग दिसला तर सलग तीन दिवस थुंकी घेतात आणि तिच्या कल्चरचा (जंतू वाढतात का, हे बघण्याच्या चाचणीचा) निकाल यायला आठ आठवडे लागतात. घाबरायचं कारण नाही, पण आप्पांना किंवा आईला कधी क्षयाचे उपचार झाले असतील तर जुने कागद आणि जुना एक्स-रे आताच शोधून ठेवा. तपासणी आणि मुलाखत एकाच फेरीत उरकायचा हट्ट धरू नका. या वयात रात्रभर गाडीने जाऊन सकाळी रांगेत उभं राहणं नको. दोन फेऱ्या करा, प्रत्येक वेळी एक दिवस आधी पोहोचा. मूळ कागद सगळे बरोबर, बॅग स्वतःजवळ. व्हिसा तपासणीच्या मुदतीवर बेतलेला असतो, जास्तीत जास्त सहा महिने, तेवढ्यात तिकडे उतरावं लागतं. निघण्याआधी माणशी २३५ डॉलरचं शेवटचं शुल्क भरलं नाही तर ग्रीन कार्ड टपालाने येत नाही.

आधी कुणी व्हिसाची मुदत ओलांडून राहिलं असेल, पोलीस केस असेल, दत्तक किंवा सावत्र नातं असेल, तर घरच्या घरी करू नका, अमेरिकेतला परवानाधारक वकील गाठा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. "नंबर लवकर लावून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दाराबाहेरूनच नमस्कार करा, रांग कुणालाही ओलांडता येत नाही.

अक्काशी बोलताना "नाही" या शब्दाने सुरुवात करू नका. तिला सांगा की तुझा अर्ज माझ्यासाठी टाक, मी आभारी आहे, लग्न मात्र येत्या हंगामात होतंय, त्याला तू ये. आई-आप्पा त्यानंतर डिसेंबरात तुझ्याकडे येतील, तिथली थंडी बघून परत येतील, आणि मार्चमध्ये आपण सगळे मिळून त्यांना विचारू. तोवर मी चंदगडला जाऊन आईची नोंद शोधून ठेवतो.